गोळी रोज घेते, तरी अंगी का लागत नाही?

सकाळी उठल्याबरोबर, चहाच्या आधी, एक लहानशी गोळी पाण्याबरोबर गिळणाऱ्या बायका आज घरोघरी आहेत. वाशिमच्या एखाद्या गल्लीत हळदीकुंकवाला दहा जणी जमल्या, तर त्यांतल्या एकदोघींच्या घरी तरी थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली निघते. बहुतेकींचे गाडे या गोळीवर सुरळीत चालते. पण काही जणींचे तसे होत नाही. पंचवीसची गोळी पन्नासची होते, पन्नासची पंच्याहत्तर, मग शंभर. तरी रक्ताचा रिपोर्ट सरळ येत नाही. अंगातला आळस जात नाही, केस गळायचे थांबत नाहीत. रक्तवाढीच्या लाल गोळ्या वर्षभर खाऊनही हिमोग्लोबिन आठ-नऊच्या पुढे सरकत नाही. पोट कधी गच्च, तर कधी ढाळ. आणि घरातली माणसे म्हणतात, ‘‘गोळ्या तं रोज खाते, मग कामाच्या वेळेसच काहून थकते व ही?’’

ज्या बाईची गत अशी आहे, तिच्यासाठी आजचा हा लेख आहे. तिने गोळ्या चुकवल्या असतील असे लगेच धरून चालू नका. गोळी पोटात जाते आहे, पण ती शोषून घेणारे आतडेच दुखावलेले असेल तर? आणि ते आतडे ज्याने दुखावले, तो रोजच्या ताटातला गहूच असेल तर? या दुखण्याला सिलिअॅक म्हणतात. थायरॉइड आणि सिलिअॅक ही जोडी काही बायकांच्या अंगात एकत्र नांदते, आणि एकीकडे लक्ष दिले नाही तर दुसरीचा इलाज फसतो.

दोन दुखणी, मूळ एक

आपल्या गळ्याच्या पुढच्या भागात फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. पुस्तकी मराठीत तिला अवटू ग्रंथी म्हणतात, पण थायरॉइड हाच शब्द आता आपल्या तोंडी बसला आहे. अंगातली ऊब, पचन, पाळी, हृदयाची गती, मनाचा उत्साह या सगळ्यांची चूल पेटती ठेवण्याचे काम तिच्या रसाकडे असते. हा रस कमी पडला की शरीर मंदावते. त्याची भरपाई करण्यासाठी जी गोळी देतात, ती लिव्होथायरॉक्सिनची.

पूर्वी आपल्या देशात गळ्याच्या दुखण्याचे मोठे कारण आयोडीनची उणीव हे होते. हिमालयाच्या पायथ्याशी गावेच्या गावे गलगंडाने ग्रासलेली होती. म्हणून १९६२ साली सरकारने गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि आयोडीनयुक्त मीठ घरोघर पोचले. आता ज्या घरात वर्षानुवर्षे असे मीठ वापरले जाते, तिथे थायरॉइड मंदावण्याचे नेहमीचे कारण वेगळे असते. शरीराची स्वतःची राखणदार फौज, म्हणजे प्रतिकारशक्ती, चुकून आपल्याच ग्रंथीवर उलटते. १९१२ साली हाशिमोतो या जपानी शल्यवैद्याने या प्रकाराचे वर्णन केले, म्हणून त्याला हाशिमोतोचा विकार म्हणतात.

सिलिअॅकमध्येही राखणदारच घरावर उठतो. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणीक मळल्यावर तिला जो चिवटपणा येतो, पोळी न फाटता पातळ लाटता येते, ती करामत या ग्लुटेनची. बहुतेकांना ते पचते. पण ज्यांच्या अंगी सिलिअॅकची प्रवृत्ती आहे, त्यांच्या लहान आतड्यात ग्लुटेन गेले की प्रतिकारशक्ती खवळते आणि आतड्याच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. या अस्तराला मखमलीसारखी बारीक लव असते. अन्नातले लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वे आणि आपली थायरॉइडची गोळीसुद्धा याच लवेतून रक्तात जाते. लव झिजली की ताटात कितीही वाढा, अंगी लागत नाही.

दोन्ही विकारांचे मूळ असे एकाच जातीचे असल्यामुळे ते एकत्र सापडतात. ज्यांचा थायरॉइड या उलटलेल्या प्रतिकारशक्तीमुळे बिघडला आहे, त्यांतल्या शंभरात साधारण दोन ते पाच जणांना सिलिअॅकही असतो. उलट, सिलिअॅकच्या रुग्णांत थायरॉइडचा बिघाड इतरांपेक्षा जास्त आढळतो.

आता हे नीट ध्यानात घ्या. शंभरात दोन ते पाच, म्हणजे उरलेल्या पंच्याण्णवजणींना गव्हाचा काही दोष नाही! थायरॉइड आहे म्हणून सरसकट पोळी बंद करा, असे कुणी शेजारीण सांगू लागली तर ऐकू नका. आधी तपासणी, मग पथ्य.

आपल्या आजीला हे दुखणे का ठाऊक नव्हते?

‘‘आमच्या सात पिढ्या जेवल्या-खाल्ल्या, असलं दुखणं काही ऐकलं नाही,’’ असे सासूबाई म्हणतील, आणि त्यांचे बोलणे अगदीच चूक नाही. वऱ्हाडातले जुने ताट आठवा. ज्वारीची भाकर, चून, अंबाडीची भाजी, तुरीचे वरण, तोंडी लावायला ठेचा. सकाळी कण्या, आजाऱ्याला आंबील. गव्हाची पोळी सणाला, पाहुण्याला, नाहीतर रोडग्याच्या पंगतीला. रोजचे पोट भरायचे ते ज्वारीवर.

मग शेताचे चित्र पालटले. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होता. स्वतंत्र जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. त्याच्या आगेमागे रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या सगळ्या पट्ट्यात ज्वारीचे वावर सोयाबीनखाली गेले. घरची ज्वारी संपली. रेशनच्या दुकानात गहू-तांदूळ मिळू लागला. पोळी मऊ, करायला सोपी आणि प्रतिष्ठेची. डब्यात भाकर नेली तर मुले लाजू लागली. चहाबरोबर टोस्ट, मुलांच्या हाती बिस्किटाचा पुडा, सकाळी रव्याचा उपमा, संध्याकाळी मैद्याच्या शेवया. एका पिढीत आपले पोट ज्वारीवरून गव्हावर आले.

याचा सिलिअॅकशी काय संबंध, ते २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या भारतीय पाहणीत दिसले. उत्तरेत, ईशान्येत आणि दक्षिणेत मिळून तेवीस हजारांहून जास्त प्रौढांची तपासणी झाली. सिलिअॅकची प्रवृत्ती देणारे आनुवंशिक गुण तिन्हीकडे जवळजवळ सारखेच, म्हणजे सुमारे एकतृतीयांश लोकांत निघाले. पण प्रत्यक्ष आजार? उत्तरेत शंभरात सव्वा जणाला, आणि दक्षिणेत हजारात एकाला. उत्तरेत माणशी रोजचा गहू सुमारे ४५५ ग्रॅम होता, दक्षिणेत अवघा २५ ग्रॅम. बी सगळीकडे पेरलेले आहे. गव्हाचे पाणी जिथे जास्त, तिथे ते अधिक उगवते, असा त्याचा साधा अर्थ. आपले आजचे वऱ्हाडी ताट पूर्ण उत्तरेचेही नाही आणि दक्षिणेचेही नाही. पण ते कुठल्या दिशेने सरकले आहे, हे आपण सगळ्याच जाणतो.

एका आईचे निरीक्षण

गहू हाच गुन्हेगार, हे जगाला कळायला बराच काळ गेला. डॉक्टर सॅम्युएल जी यांनी १८८८ साली लंडनमध्ये या आजाराचे नेमके वर्णन केले आणि इलाज झाला तर तो आहारातूनच होईल, असेही म्हटले. पण नेमके काय वर्ज्य करायचे? कुणी नुसती केळी खाऊ घातली, कुणी आणखी काही.

हॉलंडमधल्या हेग शहरात विलेम डिके हे बालरोगतज्ज्ञ होते. असे सांगतात की, एका आईने त्यांच्याजवळ बोलून दाखवले, बाळाचा पाव बंद केला की त्याला बरे वाटते. डिके यांनी ते बोलणे मनात ठेवले. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये भयंकर उपासमार झाली. पाव मिळेना, लोक बटाटे आणि ट्यूलिपचे कंदसुद्धा खाऊ लागले. सगळी मुले वाळत चालली असताना सिलिअॅकची मुले मात्र सुधारली! युद्ध संपताना पाव परत आला आणि ती पुन्हा आजारी पडली. १९५० साली डिके यांनी आपला प्रबंध लिहून गव्हाचा दोष जगासमोर मांडला. आईच्या नजरेला जे दिसते, त्याला किती मोल असते पाहा. म्हणून तुमच्या पोटाची, पाळीची, मुलांच्या वजनाची तुम्ही ठेवलेली नोंद डॉक्टरांना सांगायला संकोचू नका.

शंका केव्हा घ्यावी?

थायरॉइडच्या गोळीचे प्रमाण वजनाच्या मानाने फार वाढवावे लागत असेल. गोळी वेळच्या वेळी घेऊनही टी. एस. एच. चा आकडा वरखाली होत असेल. लोहाच्या गोळ्या खाऊन रक्त वाढत नसेल. पोट वारंवार फुगत असेल, ढाळ किंवा उलट बद्धकोष्ठ होत असेल. तोंड सारखे येत असेल. हाडे दुखत असतील. कारण न सापडता गर्भपात होत असतील किंवा दिवस राहत नसतील. घरात कुणा सख्ख्या नातेवाइकाला सिलिअॅक असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा: ‘‘माझी सिलिअॅकची तपासणी करून घ्यायची का?’’ आणि हो, या विकारात ढाळ व्हायलाच पाहिजेत असे नाही. पुष्कळ मोठ्या माणसांत नुसता पांडुरोग आणि थकवा एवढेच लक्षण असते. अंगाने भरलेल्या बाईलाही सिलिअॅक असू शकतो.

पहिली तपासणी रक्ताची. तिला टी. टी. जी. म्हणतात, आणि तिच्याबरोबर आय. जी. ए. चे एकूण प्रमाणही पाहावे लागते; कारण ते मुळातच कमी असेल तर रिपोर्ट फसवा येतो. रक्तात दोष निघाला तर तोंडावाटे दुर्बीण घालून लहान आतड्याच्या अस्तराचे बारीक तुकडे तपासतात. रक्ताची तपासणी गावातल्या लॅबमधून मोठ्या शहरात पाठवून होऊ शकते. दुर्बिणीसाठी आपल्याकडच्या बायका अकोला, अमरावती किंवा नागपूरला जातात. वाशिमलाही २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, तेव्हा आधी तिथे चौकशी करावी.

एक मात्र कटाक्षाने पाळा. तपासणी पूर्ण होईपर्यंत पोळी बंद करू नका! गहू सोडला की आतडे भरू लागते, रक्तातली खूण पुसते, आणि रिपोर्ट ‘काही नाही’ असा येतो. मग आयुष्यभर पथ्य करायचे की नाही, हा प्रश्न लोंबकळत राहतो.

गोळीचे वेळापत्रक

आतडे बरे असो की नसो, थायरॉइडची गोळी फार मानी आहे. तिला पोटात एकटीला जागा लागते. ती अशी घ्यावी:

सकाळी साडेपाचला उठल्याबरोबर, उपाशीपोटी, साध्या पाण्याने. नंतर निदान अर्धा तास, जमल्यास तासभर, चहासुद्धा नाही. ‘‘चहाबिगर डोळेच उघडत नाहीत,’’ म्हणणाऱ्यांनी गोळी उशाशी ठेवावी, म्हणजे आंघोळ-सडा होईपर्यंत तास निघून जातो.

लोहाची गोळी दुपारी, सकाळच्या गोळीनंतर निदान चार तासांनी. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घेतली तर अधिक बरे. कॅल्शियमची गोळी रात्रीच्या जेवणानंतर. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, ती एकमेकांना आडवी येतात. आम्लपित्ताची औषधेही थायरॉइडच्या गोळीत अडथळा आणतात, तेव्हा ती चालू असतील तर डॉक्टरांना सांगा.

सोयाबीनचे पीठ, वड्या, दूध ही गोळीच्या शोषणात आडवी येतात. आपला जिल्हा सोयाबीनचा. घरचे दाणे कणकेत मिसळून दळायची पद्धत पुष्कळ घरी आहे. सोयाबीन खाऊच नये असे नाही. पण सकाळच्या न्याहारीत नको, दुपारी किंवा रात्री असू द्या, आणि एक आठवडा रोज व पुढचा महिना अजिबात नाही, असे करू नका.

निंदणाला किंवा सोयाबीनच्या सोंगणीला पहाटे निघावे लागते, तिथे हे वेळापत्रक कोलमडते. अशा वेळी रात्री झोपताना, जेवून निदान तीन तास झाल्यावर गोळी घेतली तरी चालते. मात्र डॉक्टरांशी बोलून एकच वेळ ठरवा आणि तीच पाळा. कंपनीही वारंवार बदलू नका.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिसाच्या पुढे जातो. गोळी उष्णता, ओल आणि उजेड तिन्हींना भिते. चुलीजवळच्या फळीवर, खिडकीत किंवा माठाच्या ओट्यावर बाटली ठेवू नका. घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या कपाटात, मूळ बाटलीतच ठेवा.

गहू सोडल्यावर सावध!

सिलिअॅक नक्की झाला की इलाज एकच: ग्लुटेन आयुष्यभर बंद. त्याला गोळी नाही, काढा नाही. पण इथेच थायरॉइडवाल्या बाईला एक धोका संभवतो, आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो.

गहू बंद झाला की काही महिन्यांत आतड्याची लव परत येऊ लागते. जी गोळी आजवर अर्धीमुर्धी वाया जात होती, ती आता पुरती रक्तात उतरते. दुखावलेल्या आतड्याच्या हिशोबाने वाढवलेले प्रमाण आता जास्त ठरू शकते. छातीत धडधड, हात थरथरणे, घाम, झोप उडणे, विनाकारण चिडचिड, वजन भरभर उतरणे ही त्याची चिन्हे. लोकांना वाटते, ‘पथ्याने बाई वाळली.’ खरे कारण गोळी जास्त झाली हे असते. फार दिवस असे चालले तर हृदयाला आणि हाडांना अपाय होतो.

म्हणून पथ्य सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टी. एस. एच. तपासा, आणि आकडा स्थिर होईपर्यंत तपासत राहा. गोळी आपल्या मनाने कमी करू नका, बंद तर मुळीच नको. आतडे भरले तरी दुखावलेली थायरॉइड ग्रंथी बहुधा पूर्ववत होत नाही. गोळी लहान होईल, जाईलच असे नाही. आणि दिवस राहिले असतील तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठा. गरोदरपणात गोळीची गरज वाढते, आणि बाळाच्या मेंदूच्या वाढीचा प्रश्न असतो.

हाडांसाठी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, तसेच रक्तासाठी लोह, ब-१२ आणि फोलिक अॅसिड यांचीही पाहणी करून घ्यावी. सुरुवातीला काहींना दूध पचत नाही. आतडे सुधारले की बहुधा पचू लागते. तोवर ताक-दही जमते का ते पाहा.

आपले स्वयंपाकघर यासाठी तयारच आहे

‘‘पोळी नाही, मग खायचं काय?’’ हा पहिला प्रश्न. आणि त्याचे उत्तर आपल्या फळीवरच आहे! ज्वारी, तांदूळ, नाचणी, बाजरी, मका, सगळ्या डाळी, शेंगदाणे, तीळ, भाज्या, फळे, दूध, अंडी, मांस-मासळी यांत ग्लुटेन नाही. इटलीतल्या संशोधकांनी २००७ साली ज्वारीचे पदार्थ सिलिअॅकच्या रुग्णांना देऊन पाहिले आणि ते त्यांना मानवले. आपल्या आजीची भाकर तिकडे औषधासारखी तपासली गेली!

उपासाचा डबा उघडा. भगर, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा, रताळे. यांतले एकही धान्य ग्लुटेनचे नाही. एकादशीला घरादाराला जे चालते, ते या बाईला बाराही महिने चालते. फक्त नुसत्या साबुदाण्यावर राहू नका, त्यात सत्त्व थोडे. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, ती आठवड्यातून तीन-चारदा आंबिलीत किंवा भाकरीत घ्या. बाजरी मात्र तिन्ही त्रिकाळ नको. फार प्रमाणात आणि आयोडीन कमी असताना ती थायरॉइडला जड जाते. उपासाच्या शेंदेलोणात आणि खडेमिठात आयोडीनची खात्री नसते, म्हणून रोजच्या जेवणात आयोडीनयुक्त मीठच ठेवा. कोबी-फुलकोबी शिजवून, बेताने खाल्ल्यास भ्यायचे कारण नाही.

काय टाळायचे? पोळी, पुरी, रवा, मैदा, दलिया, शेवया, सरगुंडे, गव्हाच्या चिकाच्या कुरडया, पाव, टोस्ट, खारी, बिस्किटे, रोडगे, वरणफळे. हे उघड शत्रू. लपलेले शत्रू जास्त वाईट: बांधणी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते, सातूच्या पिठात आणि मेतकुटात गहू असतो, थालीपिठाच्या भाजणीत मूठभर गहू घालतात, दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी जवाच्या असतात, सोया सॉसमध्ये गहू असतो, बाजारच्या तिखट-मसाल्यात, बेसनात, शेवेत भेसळ असू शकते. रक्त वाढावे म्हणून गव्हांकुरांचा रस देण्याची पद्धत आहे. या बाईला तो देऊ नये. बाहेरचे पाकीट घ्यायचे तर ‘ग्लुटेन-फ्री’ असा शिक्का पाहा. आपल्या अन्न कायद्याप्रमाणे अशा पदार्थात किलोमागे वीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. पण ही पाकिटे महाग, आणि भाकरीपेक्षा सरस मुळीच नाहीत.

चक्की, चाळणी आणि तवा

‘‘एवढंसं पीठ गेलं तं काय होते?’’ असे कुणी म्हटले तर हा हिशोब सांगा. इटलीतच, त्याच २००७ साली, रोज पन्नास मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिल्यावर रुग्णांच्या आतड्याला इजा झालेली दिसली. पन्नास मिलिग्रॅम म्हणजे एका पोळीचा अंदाजे चाळीसावा-पन्नासावा तुकडा! एवढे पीठ चाळणीच्या जाळीत अडकून बसते.

म्हणून ज्वारी निवडताना त्यातले गव्हाचे दाणे वेचून काढा. चक्कीत गव्हानंतर लगेच आपले दळण घालू देऊ नका. सकाळी, पाती झाडून झाल्यावर, ज्वारी-तांदळाच्या दळणामागे लावा आणि पहिले किलो-दीड किलो पीठ घरच्या इतर माणसांसाठी काढा. घरी जाते असेल किंवा घरघंटी घेता आली तर सोन्याहून पिवळे, पण त्यात गहू कधीच घालायचा नाही.

चाळणी, पोळपाट-लाटणे, पिठाचा डबा आणि लाकडी उलथणे वेगळे ठेवा, त्यावर रंगाची खूण करा. स्टीलची भांडी नीट घासली तर चालतात. स्वयंपाकात आधी हिची भाकर, मग सगळ्यांच्या पोळ्या. पुऱ्या तळलेल्या तेलात हिचे पापड तळू नका. गव्हाला हात लागल्याने काही होत नाही, तो गिळला गेला तर होते. पण वीस पोळ्यांची कणीक रोज मळणाऱ्या बाईच्या नाकातोंडात पीठ उडतेच. तेव्हा कणीक भिजवायचे काम दुसऱ्या कुणी उचलावे. नवऱ्याने उचलले तर त्याचा मान काही कमी होत नाही!

सणवार आणि घरची माणसे

पथ्याची खरी परीक्षा सणाला होते. पोळ्याला पुरणपोळी, सत्यनारायणाला रव्याचा शिरा, लग्नात पंगत. पुरण वाटीत घेऊन वर तूप घाला, ते तसेच खायला काय वाईट? महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला तर आपल्याकडे ज्वारीची आंबील लागतेच. त्या ताटात हिचा वाटा देवीनेच काढून ठेवला आहे. अनारसे, तांदळाच्या उकडीचे मोदक, तिळाचे लाडू, मुगाच्या डाळीचा शिरा ही पक्वान्नेच आहेत. पूजा घरची असेल तर प्रसाद राजगिऱ्याचा किंवा भगरीचा करा. देवाला तो चालत नाही असे कुठे सांगितले आहे?

परगावी प्रसाद हातावर ठेवला तर कपाळाला लावून शेजारच्या बाळाला द्या. यात अपमान नाही. मधुमेहाचा माणूस पेढा नाकारतो, तेव्हा कुणी रुसत नाही.

सासूबाईंना एक विनंती आहे. सून पोळी नको म्हणते तेव्हा ती नखरे करीत नाही. ‘एका घरात दोन चुली’ असे वाटून घेऊ नका. उलट तुमच्या हातची भाकर, तुमच्या वेळच्या कण्या, आंबील हेच तिचे औषध आहे. हे करायला नव्या मुलींना येत नाही. तुम्ही शिकवले तर घरात मायाही राहील आणि कलाही. आणि मुलीचे लग्न ठरवताना हे दुखणे लपवू नका. लपवलेले पथ्य पाळता येत नाही, आणि न पाळलेल्या पथ्याची किंमत तीच मुलगी मोजते. अंगावर इलाज चालू असला तर अशी बाई संसार करते, नोकरी करते, निरोगी मुलांना जन्मही देते.

घरात एकीला सिलिअॅक निघाला तर तिची मुले, भावंडे, आईवडील यांचीही रक्ततपासणी करून घ्यावी. सख्ख्या नात्यात शंभरात पाच ते दहा जणांना तो सापडतो. ज्या मुलाचे वजन वाढत नाही, उंची खुंटली आहे, त्याच्याबद्दल तर चालढकल करूच नका.

आता आजच एक काम करा. एक वही घ्या. एका पानावर मागच्या दोन वर्षांतले टी. एस. एच. चे आणि हिमोग्लोबिनचे आकडे तारखेसह लिहा, शेजारी त्या वेळची गोळी किती होती ते लिहा. दुसऱ्या पानावर गोळीची वेळ, चहाची वेळ, लोह-कॅल्शियमची वेळ लिहा. पंधरा दिवस वेळा काटेकोर पाळून, आपल्या नेहमीच्या जेवणात काही बदल न करता, ही वही घेऊन डॉक्टरांकडे जा. पुष्कळजणींचे कोडे नुसत्या वेळेच्या शिस्तीने सुटेल. ज्यांचे सुटणार नाही, त्यांनी सिलिअॅकच्या तपासणीचा विषय स्वतःहून काढायचा. थकवा हा बाईच्या जातीला लागलेलाच असतो, असे म्हणून तो अंगावर काढू नका. त्याला कारण असते, आणि ते शोधता येते.